चिवड्याच्या बाजूने

भाऊजी,

तुम्ही गेल्यापासून कुडव्याच्या तुमच्या घरी जो येतो तो तुमच्याबद्दल चांगलंच बोलतो. फिलिप म्हणजे देवमाणूस. कधी कोणाला दुखवलं नाही, कधी कोणाशी खोटं बोलला नाही. आणि माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. सगळे एकच बोलायला लागले की मला संशय येतो. गाडीवरची धानाची सगळी पोती वरून सारखी दिसली की आम्ही परखी काढतो. ती टोकदार लोखंडी नळी पोत्याच्या पोटात खुपसायची, आतले दाणे ओढून काढायचे आणि दाताखाली धरायचे. आमगावच्या राइस मिलमध्ये माझा जन्म यातच गेला. तुम्ही म्हणायचात, "सालेसाहेब, आप तो आदमी में भी परखी डालते हो," आणि हसायचात. त्या हसण्यातसुद्धा मी परखी घालून पाहिली होती.

म्हणून मी तुमची स्तुती करायला बसलेलो नाही. मला एकच गोष्ट कळायला हवी आहे, आणि ती सांगू शकणारा माणूस आता नाही. तुम्ही चिवडा का खायचात?

तुमच्या-माझ्यात सगळं त्या सिनेमापासून सुरू झालं. त्याच्या आधी काही नव्हतंच. माझ्या मोठ्या बहिणीने, बाईने, तुमच्याशी लग्न केलं तेव्हा आमच्या घरातलं कोणी आलं नाही. मीही आलो नाही. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातला ख्रिश्चन माणूस, गोडगोड बोलण्याचा, सगळ्यांशी हसून वागणारा. माझ्या मनात एकच होतं, की याला बाईकडून काहीतरी हवं आहे, आणि ते काय आहे ते आज ना उद्या बाहेर येईल. पुढे जाणं-येणं सुरू झालं तरी मी दारातून आत आलो की आधी बाईच्या कपाळाकडे बघायचो, कुंकू आहे का, मग भिंतीकडे, क्रूस लागला का, मग तुमच्याकडे. तुम्हाला ते दिसत होतं. तुम्ही फक्त म्हणायचात, "या, बसा."

मग एका वर्षी तुमचा निरोप आला. नाताळला जेवायला या, चर्चमध्ये यायची गरज नाही, दुपारी सगळे मिळून सिनेमा बघू. आमचे काकाजी तेव्हा धडधाकट होते. ते म्हणाले, "जेवणाचं खरं हाय, पण हा सिनेमा कायले?" मी म्हणालो, त्यातच असेल. सिनेमात घालून आपल्याला काहीतरी पाजणार. मी तयारीने आलो होतो. प्रार्थना सुरू झाली की उठायचं, असं काकाजींना आणि माझ्या बायकोला सांगून ठेवलं होतं.

तो कोण्या परदेशी सिनेमाचा हिंदीत डब केलेला अवतार होता, नागपुरातून आणलेल्या सीडीवर. बर्फाचं गाव, जुना काळ. एका बापाच्या डोक्यात येतं की यंदाचा नाताळ आपल्या लहानपणी व्हायचा तसाच करायचा. तो घरातले दिवे बंद करतो, चुलीत लाकडं घालतो, सगळ्या नातेवाइकांना एका घरात कोंबतो आणि मेजवानीसाठी एक जिवंत हंस आणतो. पुढे सगळं बिघडत जातं. चूल धुरावते, आजी गाणं विसरते, हंस सुटतो. मी शेवटपर्यंत वाट पाहिली. प्रार्थना आली नाही. येशूचं नाव एकदाही आलं नाही. तेव्हा तर मला जास्तच संशय आला.

सिनेमा संपला आणि घरात भांडण लागलं. काकाजींचा मुद्दा हंसाचा होता. "सरस्वतीचं वाहन हाय थे! हंसाले कापून खातेत का कोणी?" तुम्ही समजावत होतात, "काकाजी, काटा कहाँ? वो तो भाग गया ना!" काकाजींनी विचार केला. "हव, पळाला खरा. मंग चांगला हाय सिनेमा." शेजारच्या मावशी म्हणाल्या की बाप प्रेमळ आहे. माझी बायको म्हणाली, कसला प्रेमळ, त्याच्या हौसेपायी त्याची बायको बिचारी दिवसभर धुरात. आवाज चढले. तुमच्या बाजूची माणसं आणि आमच्या बाजूची माणसं, लग्नापासून एकमेकांशी नीट न बोललेली, एका हंसावरून हातवारे करत होती. तेव्हा तुम्ही आतून दोन ताटं घेऊन आलात. एकात करंज्या, एकात चिवडा. आणि घोषणा केलीत, "तोंडाने भांडायचं नाही, हाताने भांडायचं. ज्याला पिक्चर आवडला त्याने गोड घ्यावं. नाही आवडला त्याने तिखट."

त्या दिवसापासून तुमच्या घरी ती रीतच पडली. पुढे सीडीची पेन ड्राइव्ह झाली, टीव्ही मोठा झाला, माणसं येत-जात राहिली, पण सिनेमा तोच आणि ताटं तीच.

मला तो सिनेमा का आवडला नाही हे मी कधी सांगितलं नाही. तुम्ही ओळखलं असेल. त्यात एक मामा आहे. बायकोचा भाऊ. तो सूप हुंगून बघतो, रात्री कुलपं ओढून बघतो, भेटीच्या डब्यावरची फीत आधी कोणी सोडली होती का ते तपासतो, आणि शेवटी हंस त्याच्याच मागे लागतो. त्या पहिल्या वर्षी तुमची मुलगी रीना जेमतेम शाळेत जायला लागली होती. तो मामा सूप हुंगत असताना ती टाळ्या पिटत ओरडली, "हा तर आपला मामा!" सगळं घर हसलं. माझी बायको हसली. बाई तोंडाला पदर लावून हसली. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही टीव्हीच्या अगदी शेजारी खुर्ची टाकून, आमच्याकडे तोंड करून बसला होतात. तिथून पडदा दिसतसुद्धा नसेल. तुम्ही माझ्याचकडे बघत होतात. मी मनात म्हणालो, आता समजलं सिनेमा कायले.

चिवडा घेणारा मी एकटा होतो. माझी बायकोही दिवसभराच्या धुराची बाजू सोडून करंजीकडे गेली. मी खिडकीखालच्या बाकावर बसलो आणि कोणाकडे न बघता चिवडा खाऊ लागलो. तेवढ्यात तुम्ही आलात, वाटीत चिवडा घेऊन. म्हणालात, "जरा सरका, सालेसाहेब. मला शुगर निघाली ना. करंजी बंद."

मी सरकलो. त्यानंतर दर नाताळला हेच. करंजीकडे गर्दी, कधीकधी चिवड्याकडेही पाच-सहा जण, आणि कोणी असो-नसो, खिडकीखाली आपण दोघं. तुमची शुगर मला पाठ झाली होती. मी तुमच्या घरी आलो की तुमच्यापुढे फिका, बिनसाखरेचा चहा यायचा. मला वाटायचं, माणूस पथ्याचा आहे, एवढं तरी खरं.

मग मी तुम्हाला जिलेबी खाताना पाहिलं.

गोंदिया स्टेशनच्या बाहेर, सकाळी. मी आमगावहून गाडीने आलो होतो. तुम्ही हॉटेलच्या बाकड्यावर बसून पोह्यांवर जिलेबी कुस्करून खात होतात, बोटं चाटत. मी हाक मारली नाही. ऑटोंच्या रांगेमागे उभा राहिलो आणि तुम्ही दुसरी प्लेट मागवेपर्यंत बघत राहिलो. मला काय वाटलं ते आज लिहितो. मला आनंद झाला, भाऊजी. इतक्या वर्षांनी परखीला काहीतरी लागलं होतं. देवमाणूस घरी फिका चहा पितो आणि बाहेर जिलेबी चापतो. बाईला मी सांगितलं नाही. तुम्हालाही नाही. कधी मोठं भांडण झालंच तर काढायला म्हणून ते खिशात ठेवलं.

भांडण झालंच नाही. डिसेंबर लागला, मिलमध्ये धानाची आवक जोरात होती, आणि एका सकाळी रीनाचा फोन आला. अंगणात कागदी तारा टांगायला तुम्ही स्टुलावर चढायच्या बेतात होतात. चढला नाहीत. छातीला हात लावून स्टुलावरच बसलात, आणि तसेच गेलात.

दफनभूमीत सगळ्यांच्या मागून मीही मूठभर माती टाकली. लोक येशूची गाणी म्हणत होते आणि माझ्या डोक्यात जिलेबी होती. मी बोललो असतो तर? बाईने तुम्हाला धारेवर धरलं असतं, डॉक्टरकडे ओढत नेलं असतं. एका माणसाचं पथ्य मोडताना मी पाहिलं आणि ते शस्त्रासारखं जपून ठेवलं. घरी येऊन जेवण जाईना. बायको म्हणाली, "तुम्ही त्यांच्यासाठी एवढे रडाल असं वाटलं नव्हतं." मी रडत नव्हतो. मी माझ्याच हिशेबात सापडलो होतो.

आठवड्याने न राहवून कुडव्याला गेलो. बाई स्वयंपाकघरात एकटी सुपात तांदूळ निवडत बसली होती. मी जमिनीवर तिच्यासमोर बसलो.

"बाई, मले एक सांगाचं हाय. मी भाऊजीले जिलेबी खाताना पाह्यलं होतं. स्टेशनवर."

"मंग?"

"मंग काय? तेव्हाच तुले सांगाले पायजे होतं. शुगर असून..."

तिचा हात थांबला. "कोणाले शुगर?"

"भाऊजीले."

"त्याहिले कोणं सांगतली शुगर?" ती माझ्याकडे अशी बघत होती जणू माझंच डोकं फिरलं आहे. "रिटायर होताना सगळी तपासणी झाली. बीपी होता, शुगर नव्हती. अर्धी वाटी साखर लागे त्याहिले चहात. जिलेबी तर मीच आणाले लावत होती घरी."

"पण माझ्यासमोर तर फिका चहा..."

तेव्हा बाई हसली. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदाच. "तू दारात दिसला का थे आत येऊन म्हणत, विमल, माझा फिका. मी म्हणू, काऊन? तर म्हणत, तेरा भाई आता है तो मुझे शुगर हो जाती है." हसता हसताच तिचं हसू मोडलं आणि तिने सूप बाजूला सारलं. "मले वाटे गंमत करून राह्यले. मी कधी इचारलंच नाही."

मी उठून बाहेर गेलो आणि अंगणात उभ्या तुमच्या स्कूटरवर बसून राहिलो. जिलेबीचं ओझं उतरलं होतं. ते उतरल्याबरोबर दुसरं चढलं.

कारण आता प्रश्न असा होता, की मग का? इतकी वर्षं माणूस खोटं का बोलला? मी माझ्या स्वभावाप्रमाणे एकेक दाणा दाताखाली धरून बघितला. पहिली शक्यता अशी की तुम्हालाही तो सिनेमा आवडत नव्हता, पण यजमानाने तसं म्हणणं बरं दिसलं नसतं, म्हणून आजाराचं निमित्त. मग तोच सिनेमा दरवर्षी लावायचात कशाला? दुसरी अशी की तुम्हाला भांडण जिवंत ठेवायचं होतं. सगळेच करंजीकडे गेले असते तर बोलणं संपलं असतं, आणि आमची माणसं पुन्हा बाईच्या कपाळावर आणि रीनाच्या ख्रिश्चन नावावर आली असती. एक हंस मधे ठेवून तुम्ही आम्हाला देवावरून भांडू दिलं नाहीत. हे तुमच्या डोक्यात बसण्यासारखं होतं, तुम्ही हसरे होतात पण भोळे नव्हतात. तिसरी शक्यता मला सर्वांत कमी पटली. ती अशी, की खिडकीखाली एक माणूस एकटा बसला होता.

ती पटली नाही, कारण त्या माणसाने तुमच्या लग्नाला यायचं नाकारलं होतं.

यंदा सिनेमा लावायचा की नाही यावरूनच दोन तट पडले. शेजारच्या मावशी म्हणाल्या, घरात दुःख आहे, हसण्याचा सिनेमा कसा लावायचा? बाई म्हणाली, पेन ड्राइव्ह त्यांनी काढून टीव्हीजवळ ठेवलेली आहे, मी परत कपाटात ठेवणार नाही. सर्वांत जास्त वाईट वाटलं ते रीनाच्या नवऱ्याला. लग्नाला वर्षही झालेलं नाही, राजनांदगावचा मुलगा, या घरातला त्याचा पहिला नाताळ. तो रीनाला व्हरांड्यात हळू आवाजात म्हणत होता, पण मी ऐकलं. ऐकणं माझ्या हाडात आहे. "पापाजी को गए महीना नहीं हुआ, और कॉमेडी? तुम लोग कैसे लोग हो?"

मला तो एकदम ओळखीचा वाटला.

चर्चमधून सगळे आले, जेवणं झाली, बाईने सिनेमा लावला. तुमची खुर्ची टीव्हीच्या शेजारी होती, कोणी हलवली नव्हती. तिच्यात कोणी बसेना. मी बसलो. माझं अनुमान बरोबर होतं, तिथून पडदा दिसत नाही. फक्त आवाज येतो आणि समोर माणसं दिसतात. तुम्ही तो सिनेमा आम्हाला बोलावण्याआधी एकदा पाहिला असेल, त्यानंतर बहुतेक पाहिलेलाच नाही. तेव्हा पहिली शक्यता गेली. न पाहिलेल्या सिनेमाविरुद्ध कोणी दरवर्षी चिवडा खात नाही.

मामाच्या सूप हुंगण्याचा आवाज आला. मी समोरच्या चेहऱ्यांकडे बघितलं. काकाजी आता ऐंशीच्या पुढचे, तोंडात दात नाहीत, ते हसायला लागले. मावशी नको नको म्हणत हसल्या. बाई हसत होती आणि डोळे पुसत होती. सगळ्यांचे डोळे पडद्यावर होते. खिडकीखालच्या माझ्या बाकाकडे एकानेही बघितलं नाही. इतकी वर्षं मी समजत होतो की इथे सगळे मान वळवून मला हसतात. अर्थात, यंदा मी त्या बाकावर नव्हतो, त्यामुळे हा पुरावा पक्का धरता येत नाही. पण माझ्याच्याने तुमच्या खुर्चीत बसून राहवेना, तरी उठलो नाही. हंस सुटला तेव्हा, खरं सांगतो, मीही हसलो. नुसत्या आवाजावर.

सिनेमा संपला. नेहमीचं भांडण कोणी सुरू केलं नाही. रीनाने दोन ताटं आणली. करंज्या शेजारणींनी दिलेल्या होत्या, चिवडा बाईने स्वतः केला होता. एकदोघांनी हात पुढे केले, मागे घेतले. बाई म्हणाली, "घ्या ना जी, ज्याले जे वाटते थे." मग काकाजींनी करंजी उचलली, मावशींनी उचलली, आणि एकेक करत सगळेच. मलाही या वर्षी करंजीच हवी होती. त्या हंसासाठी. मी उठलो होतो त्यासाठीच.

रीनाच्या नवऱ्याने वाटीभर चिवडा घेतला. ताठ मानेने, कोणाकडे न बघता. खिडकीखाली जाऊन बसला. रीनाचा चेहरा उतरला. तो एकेक दाणा असा खात होता की जणू साक्ष देत आहे. त्या बाकावर बसून कसं वाटतं ते मला माहीत आहे. वाटतं, आपणच तेवढे शहाणे, आणि वाटतं, आत्ता कोणीतरी हसणार.

मी काय विचार केला असं कोणी विचारलं तर सांगता येणार नाही. काही विचार केला नाही. करंजीच्या ताटाजवळून गेलो, चिवडा घेतला आणि त्याच्यापाशी जाऊन उभा राहिलो.

"जरा सरकता का, जावईबापू? मले शुगर निघाली. करंजी बंद."

त्याने माझ्याकडे वर बघितलं. ते बघणं मी ओळखतो, भाऊजी. ते माझं बघणं होतं. या माणसाला माझ्याकडून काय हवं आहे, असं. मग तो सरकला. अर्धी वाटी संपल्यावर तो पुटपुटला, "वो मामा वाला रोल थोड़ा ज़्यादा कर दिया है." मी म्हटलं, "हां. बहुत ज़्यादा." तो किंचित हसला, आणि पलीकडून रीनाने ते बघितलं.

बाईने माझं शुगरचं बोलणं ऐकलं होतं. चुलीजवळून ती माझ्याकडे बघत होती. थोड्या वेळाने सगळ्यांना चहा आला. तिने माझा कप वेगळा आणला आणि हातात दिला, चेहऱ्यावरची रेषही न हलवता. जावई शेजारीच होता, त्यामुळे काही म्हणायची सोय नव्हती. मी घोट घेतला.

फिका चहा फार वाईट लागतो, भाऊजी. कसा प्यायलात जी, इतकी वर्षं?